घरगुती विद्युत्-पेटी : बांधणी आणि स्वरजुळणी

(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



प्रार्थनेच्या वेळी मुले पटांगणात रांगेने उभी राहतात, पद सुरू होते आणि एखाद्या मुलाचा आवाज इतरांपासून फुटून निघतो. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी एक सोपा उपाय योजला जातो. त्या मुलास सांगण्यात येते, 'तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव.' प्रार्थना सुरळीत पार पडते. पण ते मूल त्या दिवशी एक गोष्ट शिकून घरी जाते. सूर ही जन्मजात देणगी आहे व ती आपल्या वाट्यास आलेली नाही, ही ती गोष्ट होय. गणितात चुकलेल्या मुलास 'तू पाटीवर नुसता हात फिरव' असे कोणी सांगत नाही. त्यास पुन्हा गणित घातले जाते. मग सुराच्या बाबतीत निराळा न्याय का?

याचे कारण शिक्षकाच्या मनाचा कठोरपणा हे नव्हे. सूर चुकला हे शिक्षकास कळते. परंतु तो किती चुकला हे त्या मुलास दाखविण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. हातच्याची चूक फळ्यावर दाखविता येते, बेसूरपणा फळ्यावर काढता येत नाही. मात्र तो ऐकविता येतो, आणि विशेष म्हणजे मोजताही येतो. ज्या वाद्यावर हे करता येते ते शाळेतच, मुलांच्या हातून, तयार होण्याजोगे आहे. त्याची बांधणी कशी करावी, त्याचे सूर कसे जुळवावे, आणि जुळविताना जी अडचण अटळपणे पुढे उभी राहते तिचा शिक्षणासाठी उपयोग कसा करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वाद्याचे स्वरूप

बासरीत हवेचा स्तंभ एकच असतो, म्हणून बासरीतून एका वेळी एकच सूर निघतो. पेटीत प्रत्येक पट्टीस स्वतःची जीभ असते, म्हणून पेटीवर दोन-तीन सूर एकदम वाजतात. विजेवर चालणाऱ्या वाद्यांतही हाच भेद आहे. लेव्ह तेरमेन या रशियन संशोधकाने १९२० च्या सुमारास तयार केलेले वाद्य बासरीच्या जातीचे होते. त्यातून एका वेळी एकच सूर निघे. अमेरिकेतील हॅमंड कंपनीने १९३९ साली बाजारात आणलेले 'नोव्हाकॉर्ड' हे वाद्य पेटीच्या जातीचे होते. त्याच्या ७२ पट्ट्या एकाच वेळी वाजू शकत, आणि त्यासाठी आत १६३ निर्वात नळ्या बसविलेल्या होत्या. असे अवजड यंत्र घरी बांधणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढे १९७२ साली '५५५' या क्रमांकाचा, आठ पायांचा एक लहानसा आयसी बाजारात आला, आणि एका सुरासाठी लागणारी बहुतेक यंत्रणा नखाएवढ्या जागेत मावू लागली. प्रस्तुत वाद्यात एका सप्तकाचे बारा सूर व तार षड्ज मिळून तेरा पट्ट्या आहेत, आणि प्रत्येक पट्टीस एक स्वतंत्र ५५५ आहे.

येथे कोणी विचारील, 'आज मोबाइलवर तयार पेटी फुकट मिळते, मग हा खटाटोप कशासाठी?' प्रश्न रास्त आहे. वाजविण्यापुरते पाहिले तर मोबाइलवरील पेटी पुरेशी आहे. परंतु ती जुळवूनच येते. तिचा गंधार कोणी ठरविला, कशावरून ठरविला, तो तसाच का असावा, हे मुलास तिच्यापासून कळत नाही. ज्या वाद्याचा प्रत्येक सूर मुलाने स्वतः फिरवून जागेवर आणला, त्या वाद्यापासून मात्र ते कळते. म्हणून हे वाद्य वाजविण्याइतकेच जुळविण्यासाठी आहे, हे प्रथमपासून ध्यानात ठेवावे.

एक सूर कसा निर्माण होतो

५५५ चे कार्य मुलांस हौदाच्या दृष्टांताने समजावून द्यावे. एक हौद नळाने भरत आहे. पाणी दोन-तृतीयांश उंचीवर आले की मोरी उघडते; ते एक-तृतीयांशावर उतरले की मोरी बंद होते व हौद पुन्हा भरू लागतो. हा क्रम अखंड चालतो. येथे हौद म्हणजे धारित्र, ज्यास बाजारात कंडेन्सर म्हणतात. आणि नळाची तोटी म्हणजे रोधक, ज्यास बाजारात रेझिस्टन्स म्हणतात. तोटी बारीक केली की हौद सावकाश भरतो व सूर खाली उतरतो. मोठी केली की सूर चढतो. भरण्या-उतरण्याच्या मर्यादा व्होल्टांत ठरलेल्या नसून पुरवठ्याच्या हिश्शांत ठरलेल्या असतात. म्हणून सेल थोडा उतरला तरी सूर फारसा ढळत नाही. वर्गातील वाद्याच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे.

हिशेब सरळ आहे. पहिला रोधक अधिक दुसऱ्या रोधकाची दुप्पट, या बेरजेस धारित्राने गुणावे, आणि त्या गुणाकाराने १.४४ या संख्येस भागावे. म्हणजे सेकंदास होणारी आंदोलने मिळतात. रोधक ओहममध्ये व धारित्र फॅरडमध्ये धरावे. धारित्र ०.१ मायक्रोफॅरडचा, पहिला रोधक १० किलोओहमचा व दुसरा सुमारे २३.१ किलोओहमचा घेतल्यास २५६ आंदोलने येतात. हा या वाद्याचा मध्य षड्ज. दुसरा रोधक सुमारे ९.१ किलोओहम केला की ५१२ आंदोलनांचा तार षड्ज मिळतो. इयत्ता सातवीच्या मुलांकडून मधल्या सुरांचे रोधक काढून घ्यावेत. असे गणित सोडविल्यावर त्याचे उत्तर कानाने पडताळता येते, असा प्रसंग वर्गात सहसा येत नाही.

बांधणी

आयसीचा आठवा पाय धन अग्रास व पहिला पाय ऋण अग्रास जोडावा. धन अग्र व सातवा पाय यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक घालावा. सातवा पाय व सहावा पाय यांच्यामध्ये सूर ठरविणारा दुसरा रोधक येतो. दुसरा व सहावा हे पाय एकत्र जोडून तेथून धारित्र ऋण अग्रास न्यावा. पाचव्या पायापासून ऋण अग्राकडे ०.०१ मायक्रोफॅरडचा धारित्र द्यावा. तिसऱ्या पायातून सूर बाहेर पडतो.

दुसरा रोधक दोन तुकड्यांचा करावा : एक कायमचा, आणि त्याच्या रांगेत एक प्रिसेट, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने फिरविता येणारा रोधक. षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतच्या सात सुरांस १० किलोओहमचा कायम रोधक व २० किलोओहमचा प्रिसेट द्यावा. पंचमापासून तार षड्जापर्यंतच्या सहा सुरांस ६.८ किलोओहमचा कायम रोधक व १० किलोओहमचा प्रिसेट पुरतो. प्रिसेट अनेक फेऱ्यांचा घ्यावा. एका फेरीच्या प्रिसेटवर स्क्रू-ड्रायव्हर केसभर हलला तरी सूर उडी मारतो, आणि मुलाचा धीर सुटतो.

सूर ठरविणारा धारित्र पॉलिएस्टर जातीचा असावा. स्वस्त सिरॅमिक चकतीचे धारित्र उष्णतेने बदलतात. सकाळी जुळविलेली पेटी पत्र्याच्या छपराखाली दुपारी बेसूर झाली, तर दोष बहुधा तेथेच सापडतो.

चौथा पाय हा या वाद्यातील पट्टीचा पाय होय. तो १ किलोओहमच्या रोधकातून ऋण अग्रास बांधून ठेवला म्हणजे सूर बंद राहतो. पट्टी दाबून तो धन अग्रास जोडला की सूर सुरू होतो. हा रोधक फार मोठा घालू नये, अन्यथा पट्टी सोडल्यावर सूर थांबेलच अशी खात्री राहत नाही. पट्ट्यांसाठी लाकडी फळी, पितळेच्या पातळ पट्ट्या व ड्रॉइंग पिना पुरेशा आहेत. पत्रा वापरल्यास त्याच्या कडा दुमडून घ्याव्यात.

अनेक सूर एकत्र करण्याच्या जागी नवशिका हमखास चुकतो. तेराही आयसींचे तिसरे पाय तो एकमेकांस थेट जोडतो. त्यामुळे एक आयसी वर ओढतो व दुसरा खाली ओढतो, आणि हाती केवळ गुरगुर येते. प्रत्येक तिसऱ्या पायातून १० किलोओहमचा वेगळा रोधक काढून मग ती तेरा टोके एकत्र करावीत. अशा जोडणीत प्रत्येक सुरास तेरावा हिस्सा मिळतो, आणि शेजारचा सूर वाजो वा न वाजो, तो हिस्सा कमी-जास्त होत नाही. एकत्र केलेला आवाज १ मायक्रोफॅरडच्या धारित्रातून १० किलोओहमच्या व्हॉल्यूमच्या खुंटीकडे व तेथून 'एलएम ३८६' या आयसीच्या लहानशा ध्वनिवर्धकाकडे न्यावा. या ध्वनिवर्धकाची आकृती त्याच्या माहितीपत्रकात असते. त्यापुढे २२० मायक्रोफॅरडचा धारित्र व ८ ओहमचा स्पीकर जोडला की वाद्य पुरे झाले.

विजेचा पुरवठा दीड व्होल्टच्या चार सेलांचा, म्हणजे ६ व्होल्टचा असावा. घरातील विजेच्या पॉइंटास हे वाद्य कोणत्याही कारणास्तव जोडू नये. डाख देण्याचे काम शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे, आणि काम संपल्यावर मुलांनी हात साबणाने धुवावेत; डाखाच्या कथलात शिसे मिसळलेले असू शकते.

सूर मोजण्याची रीत

दोन सूर जवळजवळ सारखे असले व एकदम वाजविले, तर आवाज लाटेसारखा वाढतो व ओसरतो. यास विस्पंद म्हणतात. २५६ व २५८ आंदोलनांचे सूर एकत्र वाजले की सेकंदास दोन विस्पंद ऐकू येतात. २५६ व २५७ चे वाजले की एक. सूर अगदी जुळले की हेलकावा थांबतो. हेलकावे मोजण्यास गाता गळा लागत नाही, घराण्याची तालीम लागत नाही. दहापर्यंत अंक येणारे मूल ते मोजू शकते. ज्या मुलास केवळ ओठ हलविण्यास सांगितले होते, त्याच्यासाठी येथे प्रथमच एक दार उघडते.

षड्ज-पंचमासारख्या दूरच्या सुरांतही विस्पंद ऐकू येतात. प्रत्येक सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे उपस्वर सूक्ष्मपणे वाजत असतात. षड्जाचा तिसरा उपस्वर ७६८ आंदोलनांचा व पंचमाचा दुसरा उपस्वरही ७६८ चा. हे दोन तंतोतंत एकत्र आले की पंचम जुळला. यासाठी उपस्वर भरपूर असावे लागतात. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, ती याचसाठी. प्रस्तुत वाद्यात पहिला रोधक १० किलोओहमचा धरला, त्यामागेही हेच कारण आहे. तो फार लहान ठेवला तर आंदोलनाचे दोन्ही भाग जवळजवळ समान होतात, दुसरा-चौथा असे सम उपस्वर लुप्त होतात, आणि पंचम जुळविताना विस्पंद शोधूनही सापडत नाहीत. १० किलोओहमचा रोधक म्हणजे या पेटीची जवारीच होय.

जुळणीचा क्रम

वाद्य चालू करून दहा मिनिटे तसेच ठेवावे व मग जुळणीस बसावे. जवळच्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाट्यांचा संच असेल, तर तो एका दिवसापुरता मागून आणावा. या संचाच्या काट्यांवर २५६, २८८, ३२०, ३४१.३, ३८४, ४२६.६, ४८० व ५१२ असे आकडे असतात. हे आकडे शुद्ध सप्तकाचेच आहेत. काटा रबराच्या तुकड्यावर हलकेच आपटावा, दगडावर नव्हे. आणि त्याचा दांडा लाकडी फळीवर टेकवावा, म्हणजे सर्व वर्गास ऐकू येतो.

प्रथम २५६ च्या काट्याशी षड्ज जुळवावा. सेकंदास तीन विस्पंद आले तर वाद्याचा सूर २५३ वर असेल किंवा २५९ वर. कोणत्या बाजूस आहे हे विस्पंद सांगत नाहीत. प्रिसेट किंचित फिरवून पाहावा लागतो. हेलकावे मंदावले तर दिशा बरोबर, वेगावले तर चूक. चूक आहे एवढे कळणे निराळे, आणि ती कोणत्या बाजूस आहे हे शोधणे निराळे, हा धडा मुलास येथे आपोआप मिळतो.

षड्जावरून तार षड्ज जुळवावा. षड्जावरून तीनास दोन या प्रमाणात पंचम, ३८४. तार षड्जाशी तेच प्रमाण राखून मध्यम, ३४१⅓. पंचमापासून चारास तीन या प्रमाणात खाली उतरून ऋषभ, २८८. गंधाराचे विस्पंद मंद असतात, तेथे ३२० च्या काट्याची मदत घ्यावी. गंधारावरून तीनास दोन या प्रमाणात निषाद, ४८०. निषादापासून चारास तीन या प्रमाणात उतरून तीव्र मध्यम, ३६०. कोमल धैवत ४०९.६, कोमल ऋषभ सुमारे २७३, कोमल गंधार ३०७.२ व कोमल निषाद सुमारे ४५५ असे लावावेत. मोबाइलवरील स्वरमापकाचा उपयोग करावयाचा तर शेवटी, पडताळ्यापुरता करावा. आधी तो डोळ्यांपुढे ठेवला की कान काम करीत नाही.

धैवताचा वाद

या क्रमात शुद्ध धैवत मुद्दाम मागे ठेवला आहे. तो जुळविण्याचे काम वर्गातील दोन गटांस वेगवेगळे द्यावे. पहिल्या गटाने ऋषभावरून तीनास दोन या प्रमाणात धैवत लावावा. दुसऱ्या गटाने मध्यमावरून पाचास चार या प्रमाणात लावावा, आणि विस्पंद मंद वाटल्यास ४२६.६ च्या काट्याचा आधार घ्यावा. दोन्ही गट प्रामाणिकपणे काम करतील, दोघांचेही विस्पंद थांबतील, आणि तरीही दोघांचा धैवत एक येणार नाही. पहिल्याचा ४३२ वर असेल, दुसऱ्याचा ४२६⅔ वर. यासाठी वाद्यात एक चौदावा आयसी जादा बसवावा व दोन्ही धैवत एकदम वाजवावेत. तीन सेकंदांत सोळा विस्पंद स्पष्ट मोजता येतात.

आता कोणत्या गटाची चूक झाली? कोणाचीही नाही. अपूर्णांकांचा पडताळा मुलांकडूनच करून घ्यावा : पहिला धैवत दुसऱ्याच्या ८१/८० पट आहे. आपल्या संगीतशास्त्रात या अंतरास प्रमाण-श्रुती हे नाव आहे. ऋषभाशी प्रामाणिक राहिल्यास मध्यमाशी बिघडते आणि मध्यमाशी राहिल्यास ऋषभाशी. तेरा पट्ट्यांची कोणतीही पेटी सर्व सुरांचे एकमेकांशी समाधान करू शकत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. क्लेमंट्स हे न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी त्यांचे सहकारी झाले, आणि दोघांनी श्रुति-हार्मोनियमचा पुरस्कार केला. १९१६ साली बडोदे येथे भरलेल्या संगीत परिषदेत हे वाद्य विद्वानांपुढे आले, आणि त्यावर मतभेदही झाले. पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. पेटीस मींड येत नाही व तिचे सूर आपल्या संगीतास मानवत नाहीत, हे तिच्यावरील आक्षेप होते.

पाश्चात्त्य वाद्यांनी या वादावर समान विभागणीचा तोडगा स्वीकारला. तीनास दोन या प्रमाणाने बारा वेळा वर चढले तर मूळ सुराच्या सुमारे १२९.७५ पट उंचीवर पोहोचतो. सात सप्तके चढले तर १२८ पट. ही वाढीव रक्कम कोठेतरी बसविणे भागच असते. समान विभागणीत ती बाराही सुरांवर सारखी वाटली जाते. पंचमास ३८४ ऐवजी ३८३.६ मिळतात, दहा सेकंदांत सुमारे नऊ विस्पंद, म्हणजे जाणवेल न जाणवेल एवढाच तोटा. गंधारास मात्र ३२० ऐवजी ३२२.५ स्वीकारावे लागतात, आणि हा तोटा तयार कानास खुपतो. धैवत ४३०.५ वर, म्हणजे दोन्ही गटांच्या मधोमध नव्हे, पण दोहोंच्या मध्ये येतो. यात कोणताच सूर पुरता सुखी नाही; मात्र कोणताही असह्य नाही.

घरी बांधलेल्या वाद्याचा लाभ येथे दिसतो. विकत आणलेली पेटी जुळविणारा एकदाच निर्णय घेतो व तो सर्वांस मान्य करावा लागतो. शाळेच्या पेटीत धैवताच्या पट्टीस दोन आयसी व एक लहान बटण ठेवता येते. आणि गीत पाहून कोणता धैवत घ्यावयाचा हे मुले ऐकून ठरवू शकतात. बेसूरपणा वाद्यातून समूळ नाहीसा करता येत नाही. तो कोठे ठेवावा, किती वाटावा, व कोणाच्या सोयीसाठी कोणी किती सोसावा, हे ठरवावे लागते. ते ठरविताना मुलांमध्ये जो वाद होईल तो शिक्षकाने मिटवू नये, ऐकून घ्यावा.

खोटी शांतता

एका धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. कधीकधी विस्पंद अचानक थांबतात, मुले आनंदाने 'जुळला' म्हणतात. पण सूर जुळलेला नसतो. डच शास्त्रज्ञ ह्यूगेन्स यास १६६५ साली असे दिसले की एकाच आधारावर टांगलेली दोन लंबकांची घड्याळे काही वेळाने एकमेकांशी ठेका धरतात. आधाराच्या सूक्ष्म हालचालीतून एक दुसऱ्यास ओढीत होते. या वाद्यात तो आधार म्हणजे पुरवठ्याची तार होय. प्रत्येक ५५५ पालटताना तारेतून क्षणभर विजेचा झटका ओढतो. त्या झटक्याने शेजारचा आयसी आपली वेळ सोडून त्याच्या मागे जातो. दोन्ही सूर मग एकमेकांस चिकटून राहतात.

याची परीक्षा सोपी आहे. प्रिसेट हळूहळू फिरवावा. सूर खरा जुळला असेल तर हेलकावे लगेच पण मंदपणे सुरू होतात. खोटा जुळला असेल तर बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम धक्का बसल्याप्रमाणे वेगाचे हेलकावे सुरू होतात. उपाय असा की प्रत्येक आयसीच्या आठव्या व पहिल्या पायांमध्ये, अगदी लगत, ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र द्यावा. सेलांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा एक मोठा धारित्र घालावा. आणि ध्वनिवर्धकाची तार सेलांपासून वेगळी न्यावी. ५५५ ऐवजी ७५५५ हा सीमॉस जातीचा आयसी मिळाल्यास झटके कमी होतात व सेलही अधिक दिवस टिकतात.

समूहगायनातही असेच घडते, हे अनुभवी शिक्षकास सांगावयास नको. शेजारच्या खणखणीत आवाजास चिकटून गाणारे मूल रांगेत सुरात भासते आणि एकटे उभे केले की घसरते. त्याचे शिक्षण झालेले नसते. ते ओढले गेलेले असते. अशा मुलास दूर सारून किंवा रागावून काम होत नाही. आयसीस जसा स्वतःचा धारित्र द्यावा लागतो, तसा त्या मुलास स्वतःचा आधार द्यावा लागतो. आणि तो आधार म्हणजे स्वतःच्या कानाने ऐकण्याची सवय.

वर्गातील योजना

तेरा सुरांसाठी मुलांचे तेरा लहान गट करावेत आणि एकेका गटाकडे एकेक सूर कायमचा सोपवावा. गटात एकाने पट्टी दाबावी, एकाने प्रिसेट फिरवावा, एकाने घड्याळ धरून दहा सेकंदांतील विस्पंद मोजावेत. लहान शाळेत एका गटाकडे दोन-तीन सूर द्यावेत. एका वहीत तारीख, वेळ, सूर व विस्पंदांची संख्या लिहून ठेवावी. सकाळच्या व दुपारच्या नोंदींत फरक दिसला तर उष्णतेचा पाठ वेगळा शिकवावा लागत नाही. प्रमाण, अपूर्णांक, सरासरी हे गणिताचे भाग या वहीवरून शिकविता येतील. एकदम तेरा सुरांचे काम अंगावर घेऊ नये. आरंभी ब्रेडबोर्डवर, डाख न देता, षड्ज व पंचम एवढे दोनच सूर उभे करावेत. ते महिनाभर नीट टिकले तर मग पुढे जावे.

एका वर्षात याहून अधिक साधेल असे नव्हे. परंतु प्रार्थनेच्या रांगेत जे मूल ओठ हलवीत उभे असते, त्याच्या हाती सर्वांत आधी प्रिसेटचा स्क्रू-ड्रायव्हर द्यावा आणि षड्ज त्याच्याकडे सोपवावा. हेलकावे मंदावत मंदावत थांबले की ते मूल स्वतःच मान वर करील. मग त्याच षड्जाशी त्यास 'आ'कार लावावयास सांगावे. पहिल्या दिवशी आवाज जुळणार नाही. कदाचित आठवडाभरही जुळणार नाही. पण आपला आवाज आणि पेटीचा सूर यांच्यामध्ये जे हेलकावते ते काय आहे, हे आता त्यास ठाऊक असेल. पुढील प्रार्थनेच्या वेळी त्यास ओठ हलविण्यास सांगू नये, गाण्यास सांगावे.